श्रीलंकेचा श्रीकार

महाराष्ट्रांत पत्र लिहावयास बसलेला मनुष्य कागदाच्या माथ्यावर प्रथम श्रीकार घालतो आणि मग मजकुराकडे वळतो. हें अक्षर मंगल आहे एवढें त्याला ठाऊक असतें. तें कोणाचें आहे, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवतहि नाहीं. परंतु भारताच्या दक्षिणेस, पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे, ह्याच अक्षरापायीं एका काळीं डांबराच्या बादल्या घेऊन माणसें रस्त्यावर उतरलीं. पुढें चाळीस वर्षांनीं तेंच अक्षर संगणकाच्या आंकड्यांत कसें बसवावें, याचा विचार त्या देशांतील विद्वानांना करावा लागला. अक्षर कोणाचें, हा पहिला वाद होता. अक्षर कशाचें बनलेलें आहे, हा दुसरा प्रश्न होता. दुसऱ्याचें उत्तर शोधतांना पहिल्यावरहि पुष्कळ उजेड पडतो.

सिंहली लिपि ही ब्राह्मीचीच कन्या होय. इसवी सनापूर्वीच्या शतकांतील गुहालेख श्रीलंकेंत आजहि पाहावयास मिळतात व त्यांतील अक्षरें अशोकाच्या शिलालेखांतील अक्षरांशीं उघड नातें सांगतात. पुढें तेथील लेखन ताडपत्रावर होऊं लागलें. लोखंडी लेखणीनें ताडपत्रावर सरळ रेघ ओढली तर शिरेच्या दिशेनें पान चिरण्याचें भय असतें. म्हणून अक्षरें वाटोळीं होत गेलीं, असें सामान्यतः मानतात. दक्षिण भारतांतील ग्रंथ लिपीचाहि संस्कार त्यांवर झाला. आजच्या सिंहली अक्षरांना देवनागरीप्रमाणें माथ्यावर आडवी रेघ नाहीं. वेलीच्या तणाव्यांप्रमाणें तीं वळणें घेत जातात. वर्णमाला मात्र मराठी माणसास परकी वाटण्यासारखी नाहीं. क, ख, ग, घ हाच क्रम. आपल्या ळकारासारखा ळकारहि तेथें आहे.

या वर्णमालेचे दोन थर मानले जातात. एकास ‘एळु होडिय’ म्हणतात. ती शुद्ध सिंहली वर्णांची माला. दुसरीस ‘मिश्र होडिय’ म्हणतात. संस्कृत व पाली शब्द नीट लिहितां यावेत म्हणून अधिक वर्ण घालून ती वाढविलेली आहे. तालव्य ‘श’ हा या दुसऱ्या थरांतला वर्ण. शुद्ध सिंहलींत श्री या अर्थी ‘सिरि’ हा शब्द आहे. ‘श्री’ हें रूप संस्कृतांतून आलेलें. शेजारच्या तामिळ भाषेचीहि स्थिति अशीच. तिचा स्वतःचा शब्द ‘तिरु’. ‘श्री’ लिहावयाचा झाला म्हणजे तिला ग्रंथ लिपीकडून आलेलें अक्षर वापरावें लागतें. दोन भाषा, दोन लिप्या, आणि दोहोंच्या घरीं हा श्रीकार पाहुणा म्हणूनच आलेला. हा मुद्दा ध्यानांत ठेवून पुढील प्रसंग पाहिला पाहिजे.

सिलोन ४ फेब्रुवारी १९४८ रोजीं स्वतंत्र झालें. राज्यकारभाराची भाषा कोणती असावी, हा वाद लवकरच पेटला. १९५६ च्या निवडणुकींत एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके सत्तेवर आले आणि त्याच वर्षीं सिंहली हीच एकटी राजभाषा ठरविणारा कायदा झाला. बेटाच्या उत्तरेस व पूर्वेस मोठ्या संख्येनें राहणाऱ्या तामिळ भाषिकांना तो आपल्या हक्कांवर घाला वाटला. या वादाचें चिन्ह म्हणून जी वस्तु लोकांच्या डोळ्यांपुढें आली ती अगदीं क्षुल्लक होती: मोटारगाडीच्या नंबराची पाटी. तोंपर्यंत पाटीवर रोमन अक्षरें असत. १९५७ च्या जानेवारीपासून नव्या पाट्यांवर आंकड्यांच्या मध्यें सिंहली श्रीकार येऊं लागला.

तामिळ पुढाऱ्यांनीं याविरुद्ध चळवळ सुरू केली. एस. जे. व्ही. चेल्वनायकम् यांच्या पक्षाच्या लोकांनीं आपल्या गाड्यांवर सिंहली श्रीकाराच्या जागीं तामिळ श्रीकार काढला. ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. अक्षराच्या उच्चारावर कोणाचाच आक्षेप नव्हता, दोघांनाहि ‘श्री’च हवा होता, झगडा होता तो त्याच्या आकृतीविषयीं. जुलै १९५७ मध्यें बंडारनायके व चेल्वनायकम् यांच्यांत करार झाला आणि तंटा मिटेल अशी आशा वाटूं लागली. पण १ जानेवारी १९५८ पासून बसगाड्यांचा धंदा सरकारी मंडळाकडे आला व त्या वर्षींच्या मार्चमध्यें सिंहली श्रीकार असलेल्या बसगाड्या उत्तरेकडे धाडण्यांत आल्या. तेथें त्या अक्षरावर डांबर फासण्यांत आलें. उलट कोलंबोंत सिंहली जमावांनीं तामिळ अक्षरांच्या पाट्या डांबरानें काळ्या केल्या. एप्रिलमध्यें करार मोडला. मेच्या अखेरीस जी दंगल उसळली तींत अनेक माणसें प्राणास मुकलीं. त्यांत बहुसंख्य तामिळ होतीं. हजारों लोक बेघर झाले व देशांत आणीबाणी पुकारावी लागली.

एका अक्षरानें ही दंगल घडविली असें म्हणणें इतिहासाला सोडून होईल. जमीन, नोकऱ्या, शिक्षण आणि सत्ता यांचे खोल प्रश्न तिच्या मुळाशीं होते. तथापि लोकांच्या मनांतला संताप ओतावयास पाटीवरचें अक्षर पुरेसें झालें, हेंहि तितकेंच खरें. २२ मे १९७२ रोजीं देशानें प्रजासत्ताक होऊन ‘श्रीलंका’ हें नांव धारण केलें, आणि पाटीवरचा श्रीकार देशाच्या नांवांतच जाऊन बसला. तामिळ भाषेसहि राजभाषेचें स्थान १९८७ सालच्या घटनादुरुस्तीनें मिळालें. पाट्यांवरचा श्रीकार पुढें जाऊन तेथें नुसती आडवी रेघ आली व २००० सालापासून पुन्हां रोमन अक्षरें आलीं.

आतां या अक्षराच्या दुसऱ्या प्रवासाकडे वळावयाचें. सिंहली अक्षरें यंत्रावर प्रथम चढलीं तीं डचांच्या राजवटींत. कोलंबोंतील डच कंपनीच्या छापखान्यांत १७३७ सालीं पहिलें सिंहली पुस्तक छापून निघालें. त्यासाठीं लागणारे खिळे गेब्रिएल शाडे नांवाच्या गृहस्थानें केले होते. छापखान्यांत श्रीकाराचा प्रश्न सोपा असतो. जोडाक्षर कितीहि गुंतागुंतीचें असलें तरी त्याचा एक स्वतंत्र खिळा ओतला कीं काम भागतें. टाइपराइटरवर जागा अपुरी पडते. तेथें अक्षराचे तुकडे करून ते एकावर एक उठवावे लागतात. सिंहलीसाठीं जी ‘विजेसेकर’ कळरचना रूढ झाली तिच्यांत हेंच तत्त्व आहे. पण छापखाना काय किंवा टाइपराइटर काय, दोघांचेंहि काम कागदावर डोळ्यांना दिसणारी आकृति उमटविण्यापुरतें. ती आकृति कोणत्या वर्णांची बनली, याच्याशीं त्यांना कर्तव्य नसतें.

संगणकाचें तसें नाहीं. संगणकाला आकृति कळत नाहीं, आंकडा कळतो. रोमन लिपींतील पहिल्या मोठ्या अक्षरास ६५ हा क्रमांक ठरलेला आहे. यंत्राच्या पोटांत ६५ सांठविले जातात आणि पडद्यावर अक्षर दिसतें. सिंहली अक्षरांना असे सर्वमान्य क्रमांक नव्हते, तेव्हां कारागिरांनीं एक युक्ति काढली. रोमन अक्षराचा क्रमांक तसाच ठेवावयाचा आणि त्यावर सिंहली अक्षराचें चित्र चढवावयाचें. छापण्यापुरतें हें भागे. परंतु तोच मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर नेला आणि तेथें तो फॉण्ट नसला, कीं सिंहली मजकुराच्या जागीं रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसे. मराठी छापखान्यांनीं आणि वृत्तपत्रांनींहि हा अनुभव पुष्कळ वर्षें घेतला आहे.

श्रीलंकेंत १९८४ च्या कायद्यान्वयें संगणकविषयक राष्ट्रीय मंडळ स्थापन झालें. ‘सिन्टेक’ या नांवानें तें ओळखलें जाई. कोलंबो विद्यापीठाचे प्राध्यापक व्ही. के. समरनायके यांनीं त्याचें अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळलें. सिंहली वर्णांची क्रमवार कोष्टकें तयार करण्याचें काम या मंडळाच्या आश्रयानें चाललें आणि १९९६ सालीं ‘एसएलएस ११३४’ या क्रमांकाचें राष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध झालें. जगांतील सर्व लिप्यांना एकाच कोष्टकांत स्थान देणारी युनिकोड ही व्यवस्था १९९१ पासून सुरू झाली होती. देवनागरी, बंगाली, तामिळ इत्यादि भारतीय लिप्या तिच्यांत आरंभींच बसल्या होत्या. सिंहली बाहेर होती. १९९७ सालीं क्रीट बेटावरील हेराक्लिऑन येथें आंतरराष्ट्रीय समितीच्या बैठकींत सिंहलीचा प्रश्न विचारास आला आणि १९९९ सालीं युनिकोडच्या तिसऱ्या आवृत्तींत सिंहलीचीं ८० चिन्हें समाविष्ट झालीं. त्यांसाठीं ३४५६ ते ३५८३ हा पट्टा राखून ठेवलेला आहे.

हें कोष्टक भारतीय लिप्यांच्या कोष्टकावरून जसेंच्या तसें उतरविलेलें नाहीं. सिंहलींत कांहीं वर्ण असे आहेत कीं ते देवनागरींत नाहींत. आंब्याला सिंहलींत ‘अंब’ म्हणतात. त्यांतला ‘ंब’ हा अनुस्वार आणि ब असे दोन वर्ण नसून अर्ध्या अनुनासिकाचा एकच वर्ण मानला जातो. ग, ड आणि द यांचेहि असे अनुनासिक सोबती आहेत. ‘बॅट’ या शब्दांत मराठी माणूस जो स्वर उच्चारतो त्यासाठीं सिंहलींत ऱ्हस्व व दीर्घ अशीं दोन स्वतंत्र अक्षरें आहेत. मराठीच्या ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्यें आपला क्रमांक मिळावयास २००८ साल उजाडावें लागलें, हें येथें आठवावें. शिवाय या कोष्टकांत अक्षरांचीं नांवें सिंहली शाळेंत मुलें म्हणतात तींच ठेविलेलीं आहेत. ‘अ’चें नांव ‘अयन्न’, ‘र’चें ‘रयन्न’, आणि पाय मोडण्याच्या चिन्हाचें नांव ‘अल्-लकुन’.

परंतु या ८० चिन्हांत श्रीकार नाहीं. ज्या अक्षरासाठीं १९५७ सालीं एवढें रण माजलें आणि ज्याच्यापासून देशाचें नांव सुरू होतें, त्याला स्वतःचा असा एकहि क्रमांक मिळाला नाहीं. याचें कारण अनास्था नव्हे. वर्ण मोजावयाचे, आकृत्या मोजावयाच्या नाहींत, असें या व्यवस्थेचें तत्त्व आहे. श्रीकार हा वर्ण नाहीं. तें जोडाक्षर आहे. शाळेंतल्या फळ्यावर गुरुजी तें जसें फोडून दाखवितात तसेंच तें यंत्रालाहि सांगावयाचें: श, त्याचा पाय मोडणें, र, आणि दुसरी वेलांटी. देवनागरींत हे चार क्रमांक २३५८, २३८१, २३५२ आणि २३६८ असे आहेत. ते ओळीनें आले कीं यंत्र आपोआप ‘श्री’ काढतें.

सिंहलींत चार पुरत नाहींत, पांच लागतात. तेथील आधुनिक लेखनाची चाल अशी कीं, दोन व्यंजनें एकत्र आलीं तर बहुधा पहिल्याचा पाय मोडलेला स्पष्ट दाखवावयाचा आणि दुसरें शेजारीं पूर्ण लिहावयाचें. जोडून लिहिण्याची चाल ठराविक ठिकाणीं उरली आहे. ‘र’ पुढें आला तर आधींच्या अक्षराखालीं एक वक्र रेषा देतात. तिला ‘रकारांशय’ म्हणतात. ‘य’ पुढें आला तर ‘यंशय’ येतो. देवनागरींतल्या रफाराला तिकडे ‘रेफय’ म्हणतात. म्हणजे देवनागरींत जोडणें हा नियम व न जोडणें हा अपवाद. सिंहलींत याच्या उलट. मग येथें जोडावयाचें आहे हें यंत्रानें ओळखावें कसें? त्यासाठीं एक अदृश्य चिन्ह मध्यें घालावें लागतें. त्याचा क्रमांक ८२०५. त्याला रुंदी नाहीं, आकार नाहीं, उच्चार नाहीं. शेजारच्या दोघांना सांधणें एवढेंच त्याचें काम, म्हणून त्याला येथें ‘सांधक’ म्हटलें आहे.

याप्रमाणें सिंहली श्रीकार असा लिहिला जातो: ३५२१ म्हणजे श, ३५३० म्हणजे पाय मोडण्याची खूण, ८२०५ हा सांधक, ३५१५ म्हणजे र, आणि ३५३९ म्हणजे दीर्घ वेलांटी. रकारांशयास निराळा क्रमांक देऊन ही अडचण टाळतां आली असती. परंतु मग एकच ‘र’ दोन ठिकाणीं दोन नांवांनीं वावरला असता आणि शब्दकोशाचा अनुक्रम लावणें व शब्द शोधणें दोन्ही अवघड झालें असतें. ‘र’ कोठेंहि असला, कोणत्याहि वेषांत असला, तरी तो ‘र’च, हें तत्त्व राखण्यासाठीं सांधकाची ही तडजोड पत्करली गेली. राष्ट्रीय प्रमाणाच्या २००४ सालच्या सुधारित आवृत्तींत रकारांशय, यंशय व रेफय यांचे असे क्रम लिहून ठेवण्यांत आले. तडजोडीची किंमत मोजावी लागते ती अशी कीं, रूढ साठवणपद्धतींत रोमन लिपींतील ‘श्री’ तीन घटकांत मावतो, तर सिंहली श्रीकारास पंधरा लागतात.

दुसरी किंमत अधिक मोठी आहे. जें डोळ्यांना दिसत नाहीं तें हरवलें तरी कळत नाहीं. एखादी संगणकप्रणाली रुंदी नसलेलें चिन्ह निरुपयोगी समजून गाळून टाकते. मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेतांना सांधक गळून पडतो. मग श्रीकार फुटतो: पाय मोडलेला श एकीकडे आणि री दुसरीकडे. देशाचें नांवच अशा रीतीनें दुभंगलेलें दिसतें. गोष्ट केवळ शोभेची असती तर सोडून देतां आली असती. परंतु प्रेमदास, प्रियंत, चंद्रिका अशा नांवांत तोच रकारांशय आहे आणि शाळेच्या पाटीवरील ‘विद्यालय’ या शब्दांत यंशय आहे. एका नोंदवहींत सांधकासह आणि दुसरींत सांधकावांचून लिहिलेलें नांव यंत्राच्या लेखीं दोन निरनिराळीं नांवें होतात. माणूस तोच, अक्षरें तींच, पण यादींत शोधूं जावें तर तो सांपडत नाहीं.

तामिळ श्रीकाराचीहि वाट सुरळीत नव्हती. त्याला सांधक लागत नाहीं. पण तामिळ कोष्टकांत आरंभीं तालव्य ‘श’च नव्हता. म्हणून तो श्रीकार ‘स’ घेऊन लिहिला जात असे. २००५ सालीं तामिळच्या पट्ट्यांत ‘श’ची भर पडली आणि श्रीकार त्या नव्या अक्षरानें लिहावा असें ठरलें. आधीं लिहिलेला मजकूर मात्र जुन्याच रीतीचा राहिला. दोन्ही रीतींनीं पडद्यावर आकृति एकच उमटते, आणि पोटांतले आंकडे भिन्न असतात. सिंहलींत सांधक गळाला तर एकाच शब्दाचीं दोन रूपें डोळ्यांना दिसतात. तामिळमध्यें डोळ्यांना एक दिसतें आणि आंत दोन असतात. १९५७ सालीं ज्या दोन आकृति एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या होत्या, त्या दोघींनींहि कोष्टक करणारांना सारखेंच गोंधळांत टाकलें.

२०१० सालीं इंटरनेटवर श्रीलंकेला आपल्या दोन लिप्यांत स्वतःचीं क्षेत्रनांवें मिळालीं. सिंहलींतलें नांव ‘लंका’ असें आहे आणि तामिळमधलें ‘इलंगै’. अशा सर्वोच्च नांवांत सांधकास मज्जाव आहे, कारण जें दिसत नाहीं त्याच्या आडून फसवणूक होऊं शकते. या दोन्ही नांवांत श्रीकार नाहीं. दोन्ही शेजारीं शेजारीं, एकाच देशाचीं म्हणून नांदत आहेत.

मराठी लेखकास हा सांधक अगदींच अनोळखी नाहीं. ‘आचार्यास दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यास दक्षिणा दिली’ यांत केवढें अंतर आहे, हें मराठी शाळेंतील प्रत्येक मुलाला ठाऊक असतें. पहिल्यांत रफार, दुसऱ्यांत आडवा अर्धा ‘र’. हा आडवा अर्धा ‘र’ लिहिण्याच्या ज्या दोन रीती युनिकोडनें मान्य केल्या आहेत त्यांपैकीं एकींत हाच ८२०५ क्रमांकाचा सांधक येतो. म्हणजे पुण्याच्या लेखकाचा आचारी आणि कोलंबोच्या लेखकाचा श्रीकार एकाच अदृश्य खुणेवर विसंबून आहेत. ती गळाली तर तेथें देशाचें नांव फुटतें, आणि येथें आचाऱ्याची दक्षिणा आचार्याच्या पदरांत पडते.

सिंहली लिपीचें काम १९९९ सालींच संपलें असेंहि नाहीं. पंचांगाच्या गणितांत वापरले जाणारे ‘लिथ’ अंक व जुने सिंहली अंक २०१४ सालीं कोष्टकांत आले. चंद्रबिंदूस २०२० सालीं जागा मिळाली. प्रत्येक नव्या चिन्हासाठीं कोणाला तरी जुन्या पोथ्यांतून पुरावे काढावे लागतात, दुसऱ्यास पटवावे लागतात आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते.

नंबराच्या पाटीवर एकाच अक्षराला जागा होती. एकानें बसावयाचें तर दुसऱ्यानें उठलें पाहिजे, असा तो हिशेब होता. आंकड्यांच्या कोष्टकांत तामिळ लिपि २९४४ पासून ३०७१ पर्यंत आणि सिंहली ३४५६ पासून ३५८३ पर्यंत, अशा दोघी आपापल्या घरीं आहेत, आणि एकीला जागा देण्यासाठीं दुसरीचें एकहि अक्षर पुसावें लागलेलें नाहीं. सिंहली श्रीकाराचे पांच क्रमांक पुन्हां मोजून पाहिले तर त्यांतले चार सिंहलीच्या पट्ट्यांतले आहेत. मधला ८२०५ मात्र सिंहलीचा नाहीं, तामिळचाहि नाहीं, मराठीचाहि नाहीं. तो कोणत्याच लिपीच्या नांवावर मांडलेला नाहीं, आणि त्याच्यावांचून श्रीलंकेचा श्रीकार पुरा होत नाहीं.